शंखपुष्पीचा अर्क दिला की उंदीर जास्त वेळ झोपतो. एवढं पुरे का?

रानपाला:
शंखपुष्पीचं पंचांग (मुळापासून फुलापर्यंत अख्खं झाड), ७०% अल्कोहोलमधला अर्क. स्विस अल्बिनो उंदीर, २०–२५ ग्रॅमचे, गटात ६. तोंडावाटे २०० आणि ४०० मिग्रॅ/किलो, तासाभराने पेन्टोबार्बिटल (झोपेचं औषध) ४० मिग्रॅ/किलो पोटात टोचून. झोप मात्रेप्रमाणे लांबते. पाला बाजारातला, वाळलेला. ‘मज्जासंस्थेवर शामक परिणाम’ असं लिहिता येईल का?

खलबत्ता:
बाजारातला पाला? मग आधी तिथेच थांबा. शंखपुष्पी म्हणून निदान चार वनस्पती खपतात: कॉन्व्हॉल्व्ह्युलस (आयुर्वेदिक फार्माकोपियातली हीच), विष्णुक्रांता म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस, गोकर्ण आणि कॅन्स्कोरा. पहिल्या दोघींचा घोळ नेहमीचाच. फूल हाताशी असेल तर भिंगाखाली धरा. कॉन्व्हॉल्व्ह्युलसला कुक्षिवृंत (फुलातल्या स्त्रीकेसराचा दांडा) एकच आणि टोकाला दोन कुक्षी (पराग धरणारी टोकं). विष्णुक्रांतेला कुक्षिवृंत दोन, प्रत्येक पुन्हा दुभंगलेला. टीएलसीवर (घटक वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) स्कोपोलेटिन या घटकाचा निळा ठिपका दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, तो दोघींतही सापडतो. फुलासकट नमुना दाबून, वाळवून पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात किंवा आघारकर संस्थेत ओळख पटवून घ्या आणि त्याच ढिगातला पाला वापरा.

दुसरं, अर्क पूर्ण कोरडा आहे ना? हा अर्क चिकट असतो, रोटरीवरून (अल्कोहोल उडवणारं यंत्र) काढला तरी आत अल्कोहोल धरून ठेवतो, आणि अल्कोहोल स्वतःच शामक! व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये (हवा काढलेलं वाळवणीचं भांडं) लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत ठेवा.

मूषकपुराण:
खलबत्ता यांना +१. पण खरी मेख पेन्टोबार्बिटलमध्ये आहे. त्याचा निचरा यकृतातल्या एन्झाइममधून होतो. अर्काने ती एन्झाइम अडवली तर मेंदूला हातही न लावता झोप लांबते. म्हणून तोच प्रयोग बार्बिटल सोडियमवर (त्याच जातीचं झोपेचं औषध) करा. ते बहुतांशी जसंच्या तसं लघवीतून जातं. तिथेही झोप लांबली तर मेंदूबद्दल बोलायला जागा आहे. नुसती पेन्टोबार्बिटलचीच लांबली तर हा यकृताचा खेळ समजा.

अंगाचं तापमानही पाहा. झोपलेला उंदीर भराभर गार पडतो, आणि गार उंदीर उशिरा उठतो. सगळ्या गटांखाली सारखीच ऊब हवी. झोप मोजणाऱ्याला कोणता गट कुठला हे ठाऊक नसावं. उताणा ठेवलेला उंदीर चार पायांवर ‘आला की नाही’ यात डोळा आपल्या बाजूने झुकतो.

मग नुसता अर्क, बार्बिच्युरेटशिवाय (म्हणजे ही झोपेची औषधं न देता). अ‍ॅक्टोफोटोमीटरवर (उंदराची हालचाल मोजणारं यंत्र) १० मिनिटांचे काउंट, अर्काआधी आणि नंतर. रोटारॉडवर (तोल पाहायचा फिरता दांडा) आदल्या दिवशी शिकवून घ्या. जे ३ मिनिटं टिकत नाहीत ते गटात नकोत. रोटारॉडवरून धडाधड पडत असतील तर एलिव्हेटेड प्लस मेझचे (भीती मोजायचा अधिक-चिन्हासारखा उंच चक्रव्यूह, दोन आर्म उघडे, दोन बंद) आकडे वाचण्यात अर्थ नाही, कारण ज्याला चालताच येत नाही तो ओपन आर्ममध्ये जाणार कसा?

रानपाला:
तेच उंदीर आधी प्लस मेझवर आणि आठवड्याने पुन्हा प्लस मेझवर घेतले तर? उंदीर कमी लागतील. आणि अर्क विरघळत नाही, गाळ बसतो.

मूषकपुराण:
प्लस मेझला दुसरी फेरी नाही. एकदा चक्रव्यूह पाहिलेल्या उंदरावर डायझेपामसुद्धा (भीती कमी करणारं नेहमीचं औषध) नीट चालत नाही, मग तुलनेसाठी तेच दिलेला तुमचा स्टँडर्ड गटच कोसळेल. एक उंदीर, एक फेरी, ५ मिनिटं. दर उंदरानंतर आर्म ७०% अल्कोहोलने पुसा आणि वास जाईपर्यंत थांबा. उजेड फार प्रखर असेल तर सगळेच बंद आर्ममध्ये दडून बसतात. संख्या वाचवायची असेल तर आधी इथिक्स कमिटीकडे दिलेला अर्ज नीट बांधा.

खलबत्ता:
गाळाचं सोपं आहे. ०.५% सोडियम सीएमसीमध्ये (गाळ तरंगत ठेवणारं घट्ट द्रावण) खलात थेंब थेंब घालत घोटा, एकदम ओतलंत तर गुठळ्या होतात. मात्रेचं आकारमान १० मिली/किलो धरा. म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला ०.२५ मिली, २०० मिग्रॅ/किलोसाठी द्रावण २० मिग्रॅ/मिली. ताजं करा आणि दर वेळी सिरिंज भरण्याआधी हलवा. नाहीतर पहिल्या उंदराला पाणी, शेवटच्याला चटणी. कंट्रोल गटालाही नुसतं सीएमसी तितकंच, त्याच वेळी.

मूषकपुराण:
बार्बिटल मागवताना एक ध्यानात ठेवा: तेही पेन्टोबार्बिटल-डायझेपामसारखंच एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात येतं. कागदपत्रं आधी, उंदीर नंतर. उंदीर आणून ठेवलेत आणि औषध अडकलं, तर तोवर त्यांची वजनं २५च्या वर गेलेली असतात.