महापौरांचं निवेदन राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीसारखं का नसावं?

टेंबलाईकर

कोल्हापूर महापालिकेची मुदत १५ नोव्हेंबर २०२० ला संपली. त्यानंतर आयुक्तच प्रशासक, आणि नव्या सभागृहासाठी मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. पाच वर्षं विचारायला कुणी नव्हतं. आता ८१ नगरसेवक आहेत, महापौर आहेत. म्हणून एक मागणी मांडतोय, पटते का बघा: महापौरांनी दर तीन महिन्यांनी सही करून एका पानाचं निवेदन शहरासमोर ठेवावं.

निवेदनं निघतातच, असं कुणी म्हणेल. निघतात की. ‘सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध’, ‘लवकरच मार्गी लागेल’, खाली हात जोडलेला फोटो. मला ते नको आहे.

माझी मावशी शाहूपुरीत कुंभार गल्लीत राहते. श्रावणात घरभर गणपती असतात, काही रंगवलेले, काही ओलेच. पंचगंगा चढायला लागली की ती मोबाईल माझ्यापुढे धरते, ‘वाच रे’ म्हणते. राजाराम बंधारा, सकाळी ७ वाजता, ३८ फूट ४ इंच. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. दुपारी पुन्हा वाचायचं. तीन इंच वाढलं की सहा, यावर खालच्या फळीवरच्या मूर्ती माळ्यावर चढवायच्या की नाही हे ती ठरवते. त्या चार ओळींत एकही विशेषण नसतं. आकडा, वेळ आणि कुठल्या आकड्याला घाबरायचं ते, एवढंच असतं, आणि सगळं शहर त्यावर विश्वास ठेवतं.

पाणी, कचरा, सांडपाणी, रस्ते यांचं निवेदन असं का असू नये?

फाईलमास्तर

कल्पना गोड आहे, पण पत्ता चुकलाय.

मी दुसऱ्या एका महापालिकेत नोकरी करून निवृत्त झालो, गावाचं नाव राहू द्या. १९४९ च्या आपल्या महापालिका कायद्याचं कलम ६७ पोटकलम ३ वाचा. कार्यकारी अधिकार सगळे आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. कायद्यात महापालिकेच्या प्राधिकरणांची यादी दिली आहे: महासभा, स्थायी समिती, प्रभाग समित्या, आयुक्त, परिवहन उपक्रम असेल तर त्याची समिती आणि व्यवस्थापक. महापौर त्या यादीत नाहीत. ते सभा चालवतात, नगराचे प्रथम नागरिक असतात, पाहुण्यांचं स्वागत करतात. एका गल्लीतला पाईप बदला असा लेखी हुकूम ते अभियंत्याला देऊ शकत नाहीत.

ज्याच्या हातात पाना नाही त्याच्याकडे नळाचा हिशोब मागितला, तर तो फोटोच छापणार. दुसरं काय करील?

आणि अहवालाचं म्हणाल तर कायद्यात तेही आहे. दरवर्षी ३१ जुलैच्या आत आयुक्तांनी शहराचा पर्यावरण स्थिती अहवाल महासभेपुढे ठेवायचा असतो. आमच्याकडे तो यायचा. जाड, रंगीत, स्पायरल बाइंडिंग. एका वर्षी मुखपृष्ठावर नवं साल आणि आत तीन पानांवर जुनंच राहिलेलं. सभागृहात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण उघडलाच नव्हता कुणी. माझ्या लक्षात आलं, कारण झेरॉक्स मी काढली होती.

पेठेतला

मास्तर कायदा बरोबर सांगत्यात, पण कोल्हापूरचा खरा कायदा येगळाच हाय. खांडोळी! एका पदाचं तुकडं करून वाटून घ्यायचं.

महापौरपद कागदावर अडीच वर्षांचं. डिसेंबर २०१८ पासनं नोव्हेंबर २०२० पर्यंत मोजा. दोन वर्षांत चार महापौर. एकाला सहा-सात म्हैनं, एकाला तीन. नेत्यांनी शब्द दिल्याला असतोय ना सगळ्यांना. खुर्चीवर बसून फायली कुठल्या कपाटात हाईत ते कळायच्या आत राजीनामा मागून घेत्यात. आता सांग भावा, तिमाही निवेदन कोण देणार? पैल्या तिमाहीचं एक, दुसऱ्याचं दुसरा? मागच्यानं काय सांगितल्यालं ह्याची जबाबदारी पुढचा घेणार व्हय?

टेंबलाईकर

@पेठेतला, म्हणून तर निवेदन हवं. माणूस बदलला तरी रकाने तेच राहतील. खुर्चीवर येणाऱ्याला पहिल्या दिवशी मागच्याची सही दिसेल. राजाराम बंधाऱ्यावर पट्टी वाचणारा कर्मचारीही बदलत असेल, फूट-इंच बदलत नाहीत.

@फाईलमास्तर, पाना नाही हे मान्य. पण महासभा महापौर चालवतात ना? सभेत आयुक्तांना आकडा विचारता येतो, आलेलं उत्तर इतिवृत्तात जातं. तेच उत्तर त्यांनी शहरापुढे ठेवावं. ‘विचारलं, हे उत्तर मिळालं’ किंवा ‘विचारलं, उत्तर मिळालं नाही’. दुसरं वाक्य लिहायलाही कुठलं कलम आड येत नाही.

दुसरी_बाजू

सगळे आल्या आल्या मोजमापाची पट्टी घेऊन उभे! नव्या सभागृहाला जरा दम खाऊ द्या.

पैशाचं कुणीच बोलत नाही. एकेकाळी जकात होती, नाक्यावर रोज रोकड जमायची. मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. आता महापालिका राज्याच्या अनुदानाकडे बघत बसते. राहिला घरफाळा आणि पाणीपट्टी. घरफाळा वाढवायचा म्हटलं की मोर्चा, थकबाकी मागायला गेलं की ‘साहेब आमच्या ओळखीचे आहेत’. महापौरांनी खरं निवेदन लिहिलं तर पहिली ओळ ‘तुम्ही इतके कोटी थकवलेत’ अशी येईल. ती वाचवेल का आपल्याला?

टेंबलाईकर

वाचवेल. छापा.

हॅरोतली_माहेरवाशीण

माहेर मंगळवार पेठ, आता लंडन. इथे कसं चालतं ते सांगते, तुलना म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

लंडनचा महापौर २००० पासून थेट लोक निवडतात. शहराची असेंब्ली वेगळी, २५ जणांची. वर्षातून दहा वेळा महापौर त्यांच्यासमोर उभा राहतो आणि ते प्रश्न विचारतात. त्याआधी त्याला लेखी अहवाल द्यावा लागतो, कायद्यानेच. गंमत अशी की अहवाल वाचणारे इथेही थोडेच. पण प्रश्नोत्तरं लोक बघतात, कारण तिथे माणूस अडखळतो. एकदा बसच्या एका मार्गाबद्दलचं उत्तर ऐकताना मी स्वयंपाक थांबवला होता, माझीच बस होती ती!

त्यामुळे टेंबलाईकर, नुसता कागद पुरणार नाही. कागद आधी आणि चार दिवसांनी प्रश्न, अशी जोडी हवी.

फाईलमास्तर

ताई, तुमच्या महापौराच्या हातात वाहतूक आहे, अंदाजपत्रक आहे. आमच्याकडे १९९८ च्या सुमारास मुंबई आणि नागपुरात ‘मेयर इन कौन्सिल’ आणून पाहिलं, महापौर आणि त्यांचं मंडळ यांना कार्यकारी अधिकार. वर्षभरात गुंडाळलं. तेव्हापासून तो विषय कुणी धड काढलेला नाही. अधिकार द्या, मग हिशोब मागा. आधी हिशोब आणि अधिकार कधीच नाही, हा माणसावर अन्याय आहे.

राजवाड्याजवळून

मी इंदूरचा मराठी. आमच्याकडे महापौर जनता थेट निवडते आणि मेयर इन कौन्सिलही आहे. मास्तर म्हणतात ते सगळं आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर, त्याचे फलक चौकाचौकात. कचऱ्याच्या गाडीचं गाणं इथल्या पोरांना पाठ आहे.

आणि २०२५ च्या डिसेंबराअखेर भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला. माणसं गेली. स्वच्छतेचे सगळे आकडे त्या आठवड्यातही पहिल्या नंबराचेच होते.

अधिकार असूनही हे झालं, आकडे असूनही झालं. कारण जो आकडा मिरवायचा होता तो रोज मोजला जात होता आणि जमिनीखालचा मोजला जात नव्हता. टेंबलाईकर, तुमच्या पानावर कुठले रकाने असावेत हे महापौर ठरवणार असतील, तर मला त्या पानाची भीती वाटते.

टेंबलाईकर

याला माझ्याकडे पटकन उत्तर नाही. रकाने शहराने ठरवावेत एवढंच म्हणेन, आणि त्यात निदान एक रकाना असा असावा की जो महापौरांना आवडणार नाही.

उचगावकर

रकाने ठरवणाऱ्या ‘शहरात’ आम्ही येतो का?

१९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासून हद्द एक इंच वाढलेली नाही. शहर मात्र वाढून आमच्या अंगणात आलं. महापालिकेची केएमटी बस आमच्याकडे येते. २०१७ ला ४२ गावांचं प्राधिकरण करून ठेवलंय, ते ना इकडचं ना तिकडचं. हद्दवाढ म्हटलं की आम्ही विरोध करतो हे खरं. घरफाळ्याची भीती आहेच, पण दुसरंही कारण आहे: आत असलेल्यांना काय मिळतं ते आम्हाला कुंपणावरून दिसतं. महापौरांनी आत काय सुधारलं ते तीन वर्षं सलग दाखवावं, हद्दवाढीची सभा आमच्या गावात मी स्वतः घेतो.

दुसरी_बाजू

सोयीचं बोलणं. काम शहरात, पोरं शहरातल्या शाळेत, फाळा ग्रामपंचायतीचा.

उचगावकर

आणि सकाळी दूध कुणाचं पिता?

पेठेतला

ए, दुधावर जाऊ नगासा. मूळ मुद्द्याला या.

थेट पाईपलाईनचं बघा. काळम्मावाडी धरणातनं सुमारे ५३ किलोमीटर पाईप. काम २०१४ ला सुरू झालं. ‘यंदाच्या दिवाळीला आंघोळ थेट पाईपलाईनच्या पाण्यानं’ असं किती दिवाळ्या ऐकलं आपण! पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचलं नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळीच्याच तोंडावर. पोचलं हे भारीच झालं, त्यात वाद न्हाई. पण मधल्या काळात तारीख किती येळा बदलली आणि दर येळी कारण काय दिलं, ह्याचा एक कागद कुठं हाय का? वनखात्याची परवानगी, पूल, पाऊस, लॉकडाऊन. कारणं खरी बी असतील. पण ती आम्हाला कळली भाषणातनं, नायतर पेपरातल्या भांडणातनं.

मी टेंबलाईकरच्या विरोधात हुतो. आता अर्धा त्याच्या बाजूनं हाय. पण आकड्याचा रकाना नगो, तारखेचा द्या. आकड्यात हेराफेरी जमती. तारीख उलटून गेली की शेंबडं पोरगं बी सांगतंय.

फाईलमास्तर

हे मात्र नोकरीतून सांगतो, तारखेतही जमते. ‘काम पूर्ण’ आणि ‘काम प्रत्यक्ष पूर्ण’ असे दोन वेगळे शब्द मी फाइलीत पाहिले आहेत. तिसरा ‘तत्त्वतः पूर्ण’.

करायचंच असेल तर असं करा. तारखेच्या रकान्यापुढे आणखी एक रकाना: ‘आधीची तारीख’. आणि जुनी तारीख खोडायची नाही, खाली नवी लिहायची. सातबाऱ्यावर जुनी नोंद कंस करून ठेवतात ना, तशी. एवढं ठेवलंत तर माझा विरोध संपला असं नाही, पण कमी झाला.

आणि कागद महासभेत मांडून मंजूर करून घ्या. मग तो महापौरांचा राहत नाही, महापालिकेचा होतो. उद्या खांडोळी झाली तरी इतिवृत्त जागेवर राहतं.

हॅरोतली_माहेरवाशीण

आणि प्रश्नांचं काय? मी जोडी म्हटलं होतं.

फाईलमास्तर

ताई, क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून आपल्या कायद्यात आहे. मतदारांनी वॉर्डातच बसून नगरसेवकाला विचारायचं. नवीन काही शोधायला नको, फक्त घ्यायची आहे. मी नोकरीत असेपर्यंत आमच्याकडे एकही झालेली पाहिली नाही. चार नगरसेवकांचा एक प्रभाग असला की विचारायचं कोणाला, हा पुढचा घोळ.

दुसरी_बाजू

चौघे एकमेकांकडे बोट दाखवतील. निदान करमणूक होईल.

टेंबलाईकर

बरं, आतापर्यंतच्या सगळ्यांच्या मारातून उरलेलं पान हे असं. आकडे मुद्दाम रिकामे ठेवलेत:

थेट पाईपलाईन: या तिमाहीत उपसा बंद राहिलेले तास ___. कारण ___. मागच्या तिमाहीत ___.

जयंती आणि दुधाळी नाल्यांतून प्रक्रिया न होता पंचगंगेत गेलेलं पाणी: ___ दशलक्ष लिटर. कोणी मोजलं ___.

झूम कचरा डेपोवर पडून असलेला जुना कचरा: ___ टन. संपवायची तारीख ___. आधीची तारीख ___. त्याच्या आधीची ___.

पूररेषेच्या आत या तिमाहीत दिलेले बांधकाम परवाने: ___.

घरफाळा थकबाकी: ___. सर्वांत मोठे दहा थकबाकीदार: ___. (@दुसरी_बाजू, ही तुमच्यासाठी.)

चौथी ओळ महापौरांना आवडणार नाही, असा माझा अंदाज आहे. २०१९ ला नदी ५५ फुटांवर गेली तेव्हा मावशीच्या माळ्यापर्यंत पाणी आलं होतं. माळ्याच्या वर चढवायला जागा नसते.

राजवाड्याजवळून

‘कोणी मोजलं’ हा रकाना प्रत्येक ओळीला लावा. नाल्यालाच का?

टेंबलाईकर

लावला.

दुसरी_बाजू

दहा थकबाकीदारांची नावं छापून दाखवा, मी स्वतः पेढे आणतो. पण सांगून ठेवतो, पान निघालं तरी लोक पाच मिनिटं बघतील आणि मिसळ खायला जातील.

पेठेतला

जाऊ द्या की. मिसळ खाऊन परत त्याच रस्त्यानं येत्यात.

टेंबलाईकर, छपाई लांबची गोष्ट. महापौर सही करूद्यात न्हाईतर न करूद्यात, तू हे पान रकाने रिकामेच ठेवून मोठ्या अक्षरात लिवून दे. आमच्या तालमीच्या बाहेर फळा हाय, निधन वार्ता आणि कुस्त्यांची तारीख लिवतो त्यो. अर्धा फळा तुला दिला. खडू माझा. आमच्या प्रभागातले चौघं बी रोज तिथनंच जात्यात.