डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीचं मीटर मागे फिरवलेलं निघालं, गाडी परत करता येईल का?

कोपरखैरणेकर
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. अडीच आठवड्यांपूर्वी घोडबंदर रोडवरच्या एका डीलरकडून २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, ४ लाख १० हजारांना. ३ लाख ७० हजार बँकेतून आणि ४० हजार कॅश. कॅशची पावती मागितली तर "साहेब एवढा पण विश्वास नाही का" आणि मी येडा गप्प बसलो, बायको अजून ऐकवतेय. मीटरवर ४६ हजार. "डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना एवढंच चाललीय."

नवव्या दिवशी गायमुखच्या चढावर टेंपरेचरचा काटा वर आणि बॉनेटमधून वाफ, मागे पोरं रडतायत, पाठीमागचे ट्रकवाले हॉर्न मारतायत. टो करून कंपनीच्या सर्विस सेंटरला नेली, हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलंय म्हणाले, एस्टिमेट ३८ हजार. खरा धक्का पुढे. त्यांनी गाडीचा नंबर टाकून हिस्ट्री काढली तर २०२१ मध्येच ९१ हजार किलोमीटरवर सर्विस झालेली!

डीलर म्हणतो बिलावर "जशी आहे तशी" लिहिलंय, खाली तुमची सही आहे, परत घेणार नाही, फार तर आमच्या मिस्त्रीकडून करून देतो, अर्धे पैसे तुम्ही द्या. आरसी अजून माझ्या नावावर झालेली नाही. सात दिवसांत परत करायचा कायदा असतो ना? की ते दिवस गेले म्हणून मी गेलो?

तुर्भेचा_मिस्त्री
भाऊ त्याच्या मिस्त्रीकडे गाडी अजिबात देऊ नको. एकदा हेड खोललं की पुरावा संपला, उद्या तोच म्हणेल तुम्हीच पाण्याविना चालवली. सर्विस सेंटरकडून जॉबकार्ड आणि जुनी हिस्ट्री शिक्का-सहीसकट कागदावर घे, मोबाईलवर स्क्रीन दाखवली त्याला काय अर्थ नाही.
आणि पेडल बघ. ४६ हजारात क्लचचा रबर गुळगुळीत होत नसतो. जमलं तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ, तळाच्या फूटभर पट्ट्यावर गाळाची रेघ दिसली तर गाडी पुरात उभी होती समज. आपल्याकडे पावसाळ्यानंतर असल्या गाड्या पॉलिश मारून येतात, मी दर वर्षी बघतो.

वाशीची_वकील
सात दिवसांचा असा काही कायदा नाही, ती काही कंपन्यांची स्वतःची स्कीम असते. पण म्हणून तुम्ही गेलात असं पण नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुन्या वस्तूला पण लागतो, विकणारा धंदा म्हणून विकत असला की झालं. शेजारच्या काकांकडून थेट घेतली असतीत तर गोष्ट वेगळी होती. आता सगळे हेड गॅस्केटवरून भांडतात आणि तिथेच फसतात, कारण दहा वर्षं जुन्या गाडीचं इंजिन बिघडलं तर समोरचा "जुनी आहे, झीज होणारच" म्हणून सुटायला बघतो. तुमचं बळ मीटरमध्ये आहे. ४६ हजार सांगून ९१ च्या वरची गाडी गळ्यात मारली, ही अनुचित व्यापार प्रथा. "जशी आहे तशी" लिहिलं म्हणून खोटं बोलायचं लायसन मिळत नाही. म्हणून नोटिशीत मीटर आधी, इंजिन नंतर. स्पीड पोस्टाने पाठवा, १५ दिवस द्या आणि मागणी स्पष्ट लिहा: गाडी परत घ्या, पैसे परत द्या, टोइंगचा खर्च द्या. गाडी तोपर्यंत चालवू नका.

मध्ये १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, कधीकधी तेवढ्यानेच डीलर नरमतो. नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता त्या भागातला पण चालतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार ऑनलाइन भरता येते. मुदत दोन वर्षं.

एक विचारते, पैसे कोणाच्या खात्यात गेले? "आम्ही फक्त मध्यस्थ, विकली डॉक्टरांनी" हा पुढचा डाव ठरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि मूळ मालक गाडी त्याच्या ताब्यात देतो तेव्हा फॉर्म २९सी भरायचा असतो. नोटिशीत दोन्हीची कॉपी मागा.

कळव्याचा_पंक्या
कायदा ठीक आहे हो, पण तारखा? माझ्या मेव्हण्याचं फ्रिजचं प्रकरण दीड वर्ष चाललं. ३८ हजारात गाडी नीट होत असेल तर करून मोकळा हो, सोड.

वाशीची_वकील
तारखा पडतात, खोटं कशाला बोलू. कायद्यात तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. पण पंक्या, गाडी नीट केली तरी चाललेले किलोमीटर कमी होत नाहीत, उद्या विकताना यांनी काय सांगायचं?

कोपरखैरणेकर
खूप धन्यवाद. बँकेतले पैसे डीलरच्या फर्मच्या खात्यात गेलेत आणि त्यांच्या पावतीवर शिक्का पण त्याचाच आहे. व्हॉट्सॅपवर त्याचा "४६ हजार जेन्युइन रनिंग" असा मेसेज सापडला, स्क्रीनशॉट काढून भावाला पण पाठवून ठेवला. कॅशचे ४० हजार बहुतेक बुडाले.
मिस्त्री, संध्याकाळी जाऊन टॉर्चने बघितलं. गाळाची रेघ नाही, ते एक बरं. क्लचचा रबर मात्र साबणाच्या वडीसारखा झिजलाय आणि शेजारी ब्रेकचा कोरा करकरीत, वर स्टिकर पण तसाच आहे.