ढगातले बारीक हिमस्फटिक: मोजले की फोडून मोजले?

मालीमकाठ
मालीम जेटीवर पहाटे ट्रॉलरमध्ये बर्फ भरताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. लादी क्रशरच्या तोंडात जाते आणि पलीकडून खडखडत भुगा पडतो. त्या भुग्यातले तुकडे मोजून कुणी म्हणालं की कारखान्यातून एवढ्या लाद्या आल्या, तर आपण मान्य करू का? उंच ढगांतल्या बारीक हिमस्फटिकांचे जुने आकडे नेमके असेच जमा झालेत.

विमानाच्या पंखाखाली उपकरण टांगतात. एका जातीत लेझरच्या झोतातून कण गेला की पुढच्या दिशेला किती प्रकाश विखुरला त्यावरून आकार काढतात. दुसऱ्या जातीत कणाची सावली डायोडच्या रांगेवर पडते. पण झोताच्या आधी नळीचं तोंड किंवा दांड्यांची टोकं येतात. विमान सेकंदाला शंभर-दीडशे मीटरनं धावत असतं. मिलिमीटरभराचा एक स्फटिक त्या टोकावर आपटला की त्याचा चुरा होतो, आणि तो चुरा झोतातून जाताना 'बारीक स्फटिक' म्हणून मोजला जातो. गार्डिनर आणि हॅलेट यांनी १९८५ मध्येच बर्फाळ ढगांत ही मापनं बिघडतात हे दाखवलं होतं. तरी ते आकडे पुढे वापरले गेलेच.

माझं मत सरळ आहे. मोठे स्फटिक असलेल्या ढगांत जुन्या टोकांच्या उपकरणांनी घेतलेले ५० मायक्रॉनखालचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सगळे आकडे बाद करावेत. दुरुस्त्या करत बसू नये.

डोणापावलकर
लादीचं उदाहरण पटलं, निष्कर्ष पटला नाही. चुऱ्याला स्वतःची खूण असते. एका स्फटिकाचे तुकडे घोळक्यानं येतात. विमान सेकंदाला १५० मीटरनं जात असेल आणि दोन तुकड्यांत एक सेंटिमीटर अंतर असेल, तर ते ६७ मायक्रोसेकंदांच्या फरकानं झोतात शिरतात. ढगात मुळातले कण यापेक्षा पुष्कळ विरळ असतात. म्हणून प्रत्येक कणाची वेळ नोंदलेली असेल तर घोळके ओळखून वगळता येतात. त्या उड्डाणांवर माणसांनी जीव धोक्यात घातलाय, तो ढग पुन्हा येणार नाही. आकडे बाद करणं ही चैन आपल्याला परवडणारी नाही.

वाळवंटीकाठची
डोणापावलकरबाब, 'वेळ नोंदलेली असेल तर' याच शब्दांत सगळं अडकलंय. विखुरलेला प्रकाश मोजणारी बरीच जुनी उपकरणं एकेका कणाची वेळ ठेवतच नसत. अमुक आकाराचे इतके, तमुक आकाराचे इतके, एवढीच बेरीज. त्यातून चुरा कसा वेगळा काढणार? शिवाय ती गोल थेंबांसाठी बनवलेली. सहा कोनांच्या बर्फाला गोल धरून काढलेला आकार कसला!

घोळके वगळायची ही चाळणीही निर्दोष नाही. घोळक्यातला एकटाच तुकडा झोतात आला तर तो खरा वाटतो. अलेक्सी कोरोलेव यांच्या गटानं २००९ मध्ये कॅनडात जुनी आणि सुधारित टोकं एकाच विमानावर शेजारीशेजारी लावून पाहिली. निव्वळ टोकांचा आकार बदलला आणि बारीक कणांची संख्या कितीतरी घटली. यातच सगळं आलं.

डोणापावलकर
ताई, पण लॉसन यांनी २०११ मध्ये वेगवान सावली-उपकरणावर तपासलं, तेव्हा टोकांपेक्षा चाळणीचाच उपयोग जास्त दिसला. म्हणजे उत्तर उपकरणागणिक बदलतं. सरसकट निकाल नको, एवढंच म्हणतो.

पेडण्याचा पाऊस
मी विज्ञानाचा माणूस नाही, बागायतदार आहे. पणजीत आल्तिनोवर ढगांचा वेध घेणारं डॉप्लर रडार आहे ना? मग विमान कशाला?

वाळवंटीकाठची
प्रश्न रास्त आहे, भाऊ. रडारचा प्रतिध्वनी कणाच्या व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. एक मिलिमीटरच्या एका कणाएवढा प्रतिध्वनी द्यायला ५० मायक्रॉनचे ६.४ कोटी कण लागतील. बारकं बर्फ रडारला दिसतच नाही म्हणा. आणि तेच महत्त्वाचं, कारण तेवढंच बर्फ बारीक कणांत वाटलं गेलं तर ढग जास्त ऊन परतवतो. हे कण सेकंदाला काही सेंटिमीटरच खाली येतात, त्यामुळे आपल्या पावसाळी ढगाचा वरचा पसारा तासन् तास टिकतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं २००९ पासून ढगांत विमानं नेली, ती उगाच नव्हे.

मिरामारचं खळं
मी चंद्राची खळी टिपतो. हात लांब करून वीत धरली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण २२ अंश भरतात, चंद्रापासून खळ्याची कड तेवढीच दूर. गेल्या मार्चमध्ये दिसलेल्या खळ्याची आतली कड सुरीनं कापल्यासारखी होती, तांबूस. स्फटिक फार बारीक असते तर ती कड विस्कटली असती. मग जुन्या आकड्यांतली ती बारक्यांची गर्दी कुठे गेली?

डोणापावलकर
सुंदर निरीक्षण, पण खळं पाडायला थोडे सुबक स्फटिक पुरतात. बाकीची गर्दी तिथे असूनही दिसत नाही.

आणि मालीमकाठ, नव्या टोकांनीही एक दुखणं जात नाही. सावली-उपकरणात कण जितका लहान, तितका तो झोताच्या लांबीतल्या थोड्याच भागात स्पष्ट दिसतो, आणि हे व्यासाच्या वर्गानं घटतं. २०० मायक्रॉनच्या कणाच्या तुलनेत २० मायक्रॉनच्या कणाला शंभरपट कमी जागा. तिथे जरा चूक झाली की संख्या भलतीच फुगते. मग काय, नवीन आकडेही बाद करायचे?

मालीमकाठ
या प्रश्नानं मला थांबवलं, म्हणून उशिरा लिहितोय. 'सगळे बाद' मी मागे घेतो. कणागणिक वेळ असलेल्या नोंदी चाळून ठेवाव्यात. पण नुसती बेरीज उरली असेल, तर तो आकडा 'यापेक्षा जास्त नसतील' एवढंच सांगायला वापरावा. हवामानाच्या संगणकी प्रारूपात तो खरी संख्या म्हणून घालायला माझा विरोध आजही तितकाच आहे. बारक्यांसाठी होलोग्रामच्या उपकरणांवर खर्च व्हावा असं वाटतं. त्यात एका क्षणी ठरावीक आकारमानातले सगळे कण आपापल्या जागी टिपले जातात, त्यामुळे चुऱ्याचा घोळका अंतरावरून थेट दिसतो.

वाळवंटीकाठची
पण होलोग्राममध्ये एका वेळी मावणारी हवा अगदी थोडी असते. विरळ ढगात पुरेसे कण मिळवायला किती उड्डाणं लागतील, तो हिशेब मांडा. मग खर्चाचं बोलू.