‘बल्ब लावा आणि विसरून जा’ हा सल्ला मला पटत नाही

कडूहॉप: काल इथे एका नवख्याने विचारलं, घरी बिअर करताना फर्मेंटरला, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याला, ऊब कशी द्यायची. त्यावर एकाने लिहिलं, ‘फर्मेंटर खोक्यात ठेवा, 40 वॅटचा बल्ब लावा आणि विसरून जा. थर्मोस्टॅट म्हणजे पैसे पाण्यात.’ उष्णता स्वस्तात मिळवा, त्याला माझी ना नाही. पण ती आवरणार कोण? 20 लिटर बिअर 1 अंशाने तापवायला सुमारे 84 किलोज्यूल लागतात. फर्मेंटरला गुंडाळायचा 25 वॅटचा हीटर-पट्टा तासाभरात तेवढी देतो. म्हणजे ऊब देणं सोपंच आहे. अडचण पुढे येते. यीस्ट जोर धरलं की स्वतः उष्णता सोडतं आणि आतली बिअर खोलीपेक्षा 3-4 अंशांनी सहज वर जाते. बल्बला ते कळत नाही, तो जळतच राहतो. माझी एल (बिअरचा एक प्रकार) अशीच 28 अंशांवर गेली. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास सुटला, सगळी ओतून द्यावी लागली. म्हणून आधी थर्मोस्टॅट घ्या, पट्टा नंतर.

जुनाभट्टीवाला: तो सल्ला माझाच. कित्येक वर्षं बल्बवर बिअर करतोय, एकही घाणा फेकलेला नाही. 28 चा एवढा बाऊ कशाला? सेझॉन बिअरची यीस्टं तिथेच खुलतात, नॉर्वेचं क्वेइक यीस्ट तर 35 लाही मजेत काम करतं. नवा माणूस यंत्रांची यादी वाचूनच पळतो, याचा मला राग आहे.

कडूहॉप: क्वेइक वापरणाऱ्याला हीटर लागेल, पण विचारणाऱ्याने साधं एलचं यीस्ट घेतलंय. त्याला 18 ते 22 हवेत. त्याला क्वेइकचा दाखला देऊन काय उपयोग?

अंबरबाटली: उजेडाचं कोणीच बोलत नाही! फर्मेंटर पारदर्शक असेल तर बल्बच्या प्रकाशाने हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली) कडू द्रव्यं मोडतात आणि स्कंक या प्राण्यासारखा दर्प येतो. बल्बवर पत्र्याचा डबा उपडा घाला, नाहीतर फर्मेंटर काळ्या कापडात गुंडाळा. कापड बल्बपासून लांब ठेवा, चिकटलं तर पेटेल.

जुनाभट्टीवाला: डबा मी पहिल्यापासून घालतो. ते लिहायचं राहिलं, एवढी चूक कबूल.

प्रोबपंडित: थर्मोस्टॅट घेतला तरी त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, कुठे लावणार? बहुतेक जण खोक्यात लोंबकळत सोडतात. मग हवा 20 च्या खाली गेली की हीटर सुरू, आणि आत बिअर 24 वर! प्रोब फर्मेंटरच्या भिंतीला चिकटवा, वरून फोमचा तुकडा बांधा आणि पट्ट्यापासून दूर ठेवा.

जुनाभट्टीवाला: आणि मग बिअर तापेपर्यंत खोकं भट्टी होणार. द्रव सावकाश तापतो. प्रोबला कळेपर्यंत हवा कुठच्या कुठे गेलेली असते आणि बंद केल्यावरही बिअर चढत राहते. हवेतलाच प्रोब बरा.

प्रोबपंडित: हे मोठ्या हीटरने होतं. 25 वॅटला एवढी चढ येतेच कुठे? करून न पाहता बोलू नका.

जुनाभट्टीवाला: करून पाहिलंय, तुमच्या आधी! भाषा सांभाळा.

ओलेहात: भांडा हवं तेवढं, पण एक ऐका. मी फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून मत्स्यपेटीचा हीटर वापरायचो. पाणी आटलं, काच उघडी पडली आणि तडकली. मी ओल्या हाताने टबाकडे गेलो, तेवढ्यात 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचने) वीज तोडली. पैसे वाचवा, पण त्या स्विचवर नको.

कडूहॉप: हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

जुनाभट्टीवाला: आरसीसीबी मान्य. नवख्याने साध्या यीस्टला थर्मोस्टॅट लावावा, हेही मान्य, नाइलाजाने. प्रोबचं मात्र नाही. पुढच्या घाण्याला एक प्रोब हवेत आणि एक भिंतीला लावतो, दर तासाचे आकडे इथेच टाकतो.

प्रोबपंडित: टाका. फोम विसरू नका.