शेरूचा खुबा गेला, आता गावठी घ्यावा की लॅब्रॅडॉर?

यावलचा केळीवाला :
राम राम मंडळी. आमचा शेरू जर्मन शेफर्ड. वर्षाचा असल्यापासून पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे जोडून टाकायचा, आम्हाला वाटायचं खेळतोय. चौथ्या वर्षी ओट्याच्या दोन पायऱ्या चढेना. जळगावला एक्स-रे काढला. खुब्याची वाटी उथळ, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसतच नव्हता. आनुवंशिक आहे म्हणाले. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला. घेताना केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया, जातीची नोंद करणारी संस्था) कागद पाहिले होते, आईबापाचे खुबे कसे आहेत ते विचारायचं सुचलंच नाही.
आता पोरगी लॅब्रॅडॉर मागते, आणि मळ्यातल्या गावठी कुत्रीला चार पिल्लं झालीत. गावठीला असले आजार होतच नाहीत, हे खरं का?

चोपड्याचा भाऊ :
आमच्या खळ्यात वडिलांपासून गावठीच. भाकरी-ताकावर बारा-तेरा वर्षं जगतात, दवाखाना माहीत नाही. डोळे झाकून घ्या दादा.

धुळ्याची पशुवैद्य :
भाऊ, डोळे झाकून नको. गावठीची कमजोर पिल्लं पहिल्या पावसाळ्यातच जातात, त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. उरतात ती काटक, आणि आपल्याला तीच दिसतात.
अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठाने २०१३ मध्ये २४ आनुवंशिक आजार तपासले. १० जातिवंतांत जास्त निघाले, १३ मध्ये फरक नाही, आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटणं उलट मिश्र कुत्र्यांत जास्त. दादा, खुब्याचा आजार त्या १३ मध्येच आहे. अर्थात ती तिकडची मिश्र कुत्री, आपली गावठी नव्हेत.
जातिवंतांत अडचण होते ती नात्यातल्या नात्यात लावल्याने. बरेच दोष आई आणि बाप दोघांकडून आले तरच उठतात, आणि एकच नावाजलेला नर सगळीकडे वापरला की दोन्हीकडून तोच दोष येतो. डाल्मेशियनमध्ये मूतखड्याचा दोष अख्ख्या जातीत पसरला होता. १९७३ मध्ये पॉइंटर जातीच्या एका कुत्र्याशी संकर केला, तेव्हा कुठे निरोगी जनुक परत आलं.
लॅब घ्यायचाच तर आईबापाचे दोन वर्षांनंतर काढलेले खुब्याचे एक्स-रे मागा. नाही म्हणाला तर उठून या. आणि कुठलाही कुत्रा घ्या, लठ्ठ होऊ देऊ नका. ४८ लॅब्रॅडॉरवर एक प्रयोग झालाय. ज्यांना पाव हिस्सा कमी खाऊ घातलं ते जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, सांधेही उशिरा दुखले.

यावलचा केळीवाला :
ताई, आता नीट समजलं. आमच्या टिश्यू कल्चरच्या केळीबागेचंही असंच. सगळी झाडं एकाच वाणाची, सीएमव्ही (केळीवरचा विषाणूजन्य रोग) आला की एकही त्याला तोंड देत नाही, उपटून फेकावी लागतात.
शेरू शेवटी ४२ किलोचा झाला होता. रोज तूप-पोळी मीच घालायचो, ते मनातून जात नाही.
काल पोरीला मळ्यात नेलं. चारांतली तांबूस मादी तिच्या ओढणीवर झोपून गेली. अजून पाच आठवड्यांचीच आहे, तीन आठवडे आईपाशी राहू देतो. पहिली लस कधी टोचायची तेवढं सांगा ताई.

धुळ्याची पशुवैद्य :
सहा ते आठ आठवड्यांत. त्याआधी जंताचं औषध द्या, आईलाही.