तीन गोळ्यांच्या यंत्रावर दम्याची नोंद ठेवता येते का?

खारघर_से१२
आईला पहाटे खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज. डॉक्टरांनी दोन आठवडे घरी फुंकून आकडे लिहायला सांगितलेत. कोविडच्या वेळचं तीन गोळ्यांचं यंत्र आहे, तिन्ही गोळ्या वर जातात. ऑक्सिमीटरवर ९७. यावर भागेल?

पीएफटी_टेक्निशियन_ठाणे
नाही. ते यंत्र श्वास आत ओढायच्या व्यायामाचं. दम्यात अडतो तो बाहेर जाणारा श्वास. ९७ वरही विसंबू नका, नळ्या आवळल्या तरी ऑक्सिजन बराच वेळ टिकतो.

पीक फ्लो मीटर आणा, बाहेर फुंकलेल्या श्वासाचा वेग मोजणारं. प्लास्टिकचं साधं असतं, सेलही लागत नाही. उभं राहायचं, काटा तळाला आणायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एकाच झटक्यात फुंकायचं. लांबवायचं नाही, पहिल्या झटक्याचाच वेग मोजला जातो. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहा, सरासरी नको. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा पंपाच्या (इनहेलरच्या) आधी. पंप घेतला असेल तर वहीत तसं लिहा.

ऐरोलीकर_फिजिओ
तीन फुंकींतल्या सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत ४० पेक्षा जास्त (मिनिटाला लिटरमध्ये) फरक आला तर फुंकण्यातच गडबड आहे. बोट काट्याच्या खाचेवर येतं, जीभ नळीच्या तोंडाशी जाते. गाल फुगवून थुंकल्यासारखं केलं की आकडा उगाच चढतो, घरच्यांना आनंद होतो आणि डॉक्टर फसतात. दोन आठवडे मीटर एकच ठेवा. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, ओलाव्याने काटा अडकतो.

खारघर_से१२
आज सकाळी ३१०, संध्याकाळी ३८०. वाईट आहे का?

पीएफटी_टेक्निशियन_ठाणे
फरक ७०, मधला आकडा ३४५, म्हणजे साधारण २० टक्के. मोठ्या माणसांत रोजच्या फरकाची सरासरी १० टक्क्यांवर गेली की दम्याची शंका बळावते. पण एका दिवसावरून ठरवू नका. तळोजा एमआयडीसीकडून वास आला, शेजारी बांधकामाची धूळ होती, तर त्या दिवसापुढे तेही लिहा.

ऐरोलीकर_फिजिओ
मीटरवर सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) किंवा फुप्फुस आक्रसण्याचे आजार नीट कळत नाहीत, त्यासाठी स्पायरोमेट्रीच, म्हणजे यंत्रात फुंकून करायची फुप्फुसांची पूर्ण तपासणी, लागते. आणि आकडा त्यांच्या नेहमीच्या सर्वोत्तमाच्या निम्म्याखाली गेला, किंवा एक वाक्य बोलतानाही धाप लागली, तर पुन्हापुन्हा फुंकायला लावू नका. डॉक्टरांनी दिलेला आरामाचा पंप द्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.