वरकस उतारावर वाडी करायची आहे, पण उन्हाळ्यात पाड्यावर माणसे नसतात : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात आमच्या पाड्यावर चार कुटुंबांची एकमेकांना लागून वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन आहे. प्रत्येकाच्या वाट्याला एक ते दीड एकर येते आणि सगळी जमीन एकाच टेकडीच्या उतारावर आहे. मी नोकरीनिमित्त नाशिकला असतो. थोरला भाऊ आणि शेजारची तीन घरे ही जमीन कसतात. पिकांच्या जोडीने फळझाडे आणि वनझाडे लावून ती सुधारावी, असे सर्वांनी मिळून ठरवले आहे. या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांकडून काही नेमक्या बाबी समजून घ्यायच्या आहेत.

पूर्वी या जमिनीत पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी उडीद किंवा खुरासणी घेत आणि नंतर काही वर्षे ती पडीक ठेवत. वाटण्या होत गेल्या तशी ही विश्रांतीची वर्षे आटत गेली आणि आता ती जवळजवळ उरलेलीच नाहीत. वर्षाचा 3,000 मिलिमीटरच्या आसपास असलेला पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि जाताना माती घेऊन जातो. वरच्या अंगाला वीतभर खणले की मुरूम लागतो. जुलैत मोठी सर येऊन गेली की नागलीच्या रोपांची मुळे उघडी पडलेली दिसतात आणि तांबडी माती खालच्या ओहोळाच्या वळणावर साचलेली असते. एवढ्या पावसाच्या मुलखात फेब्रुवारीनंतर मात्र पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते.

वाडीची कल्पना आमच्या भागाला नवीन नाही. मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे 1967 साली सुरू केलेल्या बाएफ संस्थेने 1982 मध्ये गुजरातच्या वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसोबत हे काम आरंभले आणि पुढे ते जव्हारच्या परिसरातही आले. एकरभर जमिनीत आंबा-काजू, मधल्या जागेत नेहमीची पिके आणि कडेने वनझाडांचे कुंपण, ही त्याची रचना मला अजूनही सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तीत घरच्या धान्यावर पाणी सोडावे लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. दिवाळी झाली की चारपैकी तीन कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे रोपांना पाण्याची खरी गरज असते त्याच महिन्यांत पाड्यावर म्हातारी माणसे आणि मोकाट गुरे एवढीच उरतात. काही वर्षांपूर्वी एका योजनेतून पाड्यावर आंब्याची कलमे वाटण्यात आली होती. ती आली ऑगस्टच्या अखेरीस, आणि त्यांतली जगली ती फक्त घरामागची, जिथे भांडी घासल्याचे पाणी जात होते. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे मिळते. पण त्यासाठी दुसऱ्या वर्षी किमान 80 आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के झाडे जिवंत असावी लागतात. आमच्या परिस्थितीत ही अट पेलेल का, याची धास्ती वाटते.

म्हणून विचारतो. माणसे स्थलांतर करतात हे गृहीत धरूनच लागवड आखायची असेल, तर कलमे लावावीत की बी जागेवर पेरावे? इतक्या पावसात सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे चर खोदणे योग्य ठरेल का, की उतारच घसरेल? आणि राबाचे काय करावे? नागलीचे रोप टाकण्यासाठी शेण, ऐनाच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि वरून माती असे थर देऊन भाजणी करण्याची आमची रीत आहे आणि त्यापायी जवळचे ऐन दरवर्षी शेंड्यापर्यंत छाटले जातात. बांधावरची झाडे ही गरज भागवू शकतील का?

प्रतिसाद : माळकरी

आपला प्रश्न नीट मांडलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी शेजारच्याच तालुक्यात या कामात आहे.

प्रथम पाण्याचे बोलू. सलग समतल चर ही कमी पावसाच्या प्रदेशासाठी उत्तम गोष्ट आहे. आपल्याकडे मात्र वीतभर मातीखाली मुरूम असलेल्या तीव्र उतारावर बंद चर तुडुंब भरतात, फुटतात आणि खालची सगळी माती सोबत नेतात. त्याऐवजी शेताच्या माथ्यावर ओहोळाकडे किंचित उतार दिलेला एकच चर घ्यावा, म्हणजे डोंगरावरचे पाणी शेतात न शिरता बाजूने निघून जाईल. शेतात इंग्रजी A आकाराच्या लाकडी चौकटीने समपातळी रेषा आखून त्यांवर दगडी ताली, म्हणजे माती अडवणारे दगडांचे बांध घालावेत. दगड तुमच्या शेतातच आहेत. तालीच्या वरच्या अंगाला वाळा लावावा. दोन-तीन पावसाळ्यांत तालीमागे माती धरू लागते आणि पुढे झाडांची ओळ तिथेच बसवता येते.

कलमांबद्दल माझे मत ठाम आहे. उन्हाळ्यात पाणी घालायला माणूस नसेल, तर पिशवीतले कलम उतारावर लावू नये. पिशवीत सोटमूळ वेटोळे घेते किंवा तुटते आणि झाड पहिली दोन वर्षे वरवरच्या ओलीवर जगते. आंब्याची कोय आणि काजूचे बी पावसाच्या सुरुवातीला खड्ड्यातच पेरावे. सोटमूळ मुरमाच्या भेगांतून सरळ खाली जाते. पुढच्या पावसाळ्यात त्या रोपांवर जागेवरच शेंडा कलम बांधावे, म्हणजे रोपाचा शेंडा कापून त्यावर चांगल्या जातीची काडी बसवावी; काजूसाठी वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 या जातींच्या काड्या आणाव्यात. कलम जुळल्यावर खुंटावर येणारी फूट मात्र नियमाने काढावी लागते. फळ वर्ष-दीड वर्ष उशिरा मिळेल, पण झाड मिळेल. अनुदानाच्या अर्जात कलमांची लागवड दाखवावी लागत असेल, तर तेवढी कलमे घराजवळच्या सपाट तुकड्यात लावावीत.

अंतराचे म्हणाल तर काजू 7 बाय 7 मीटरवर एकरी 80 झाडे बसतात. तुम्हाला मधे नागली घ्यायची आहे, म्हणून 10 बाय 5 मीटर ठेवा. झाडे तितकीच बसतील आणि दोन ओळींतला रुंद पट्टा अनेक वर्षे पिकासाठी मोकळा राहील. वरच्या हलक्या भागात काजू आणि खाली माती साचते तिथे आंबा, हा क्रम मोडू नये.

राबासाठी कडेने गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) दाट पेरावे. तो छाटला की जोमाने फुटतो, पाला हिरवळीचे खत म्हणून नागलीत घालता येतो आणि वाळलेल्या काटक्या भाजणीला येतात. ऐन पूर्ण बोडके करण्याऐवजी तीन गट पाडून दरवर्षी एकाच गटाची छाटणी करावी.

राहिला माणसांचा प्रश्न. जव्हार-विक्रमगडकडे अनेक कुटुंबे थोड्या जागेत मोगरा लावून फुले दादरच्या बाजारात पाठवतात. विहिरीजवळ काही गुंठे मोगरा असेल तर उन्हाळ्यात रोजचा पैसा हाती येतो आणि निदान एक कुटुंब तरी मागे थांबते. त्याच कुटुंबाने चौघांच्या रोपांना मडक्याने पाणी द्यायचे आणि बाकीच्यांनी त्याची मजुरी ठरवून द्यायची, असे आधीच बोलून घ्या. फुकटची राखण दुसऱ्या वर्षी टिकत नाही, हे मी अनेक पाड्यांवर पाहिले आहे.

प्रतिसाद : हिरडा

वनझाडे निवडताना एक लक्षात ठेवावे. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, खैर, ऐन, हिरडा, मोह, आंबा, फणस अशी अनुसूचीतील झाडे स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. चौघांपैकी कोणाची जमीन वनहक्क पट्ट्याची, म्हणजे वनहक्क कायद्याखाली कसण्यासाठी मिळालेली असेल तर ती वारसाने मिळते, पण विकता येत नाही. त्यामुळे लाकडाच्या भरवशावर हिशेब मांडू नये. फळे, पाला आणि सरपण यांवरच मांडावा.

धागाकर्ता :

दोघांचेही आभार. चारपैकी दोन जमिनी वनहक्क पट्ट्याच्याच आहेत, त्यामुळे ही सूचना वेळेवर मिळाली. मोगऱ्याचे भावाला पटले आहे, कारण विहीर त्याच्याच वाट्यात आहे; मजुरीचे बोलणे चारही घरे एकत्र असताना, म्हणजे भट्टीवरून परतल्यावर करू. एक शंका उरते : कोयी रायवळ आंब्याच्या घ्याव्यात की केशरच्या?

प्रतिसाद : माळकरी

रायवळच घ्या, आणि शक्यतो तुमच्याच टेकडीवरच्या जुन्या झाडाच्या. कोय फळातून काढल्यावर लवकरात लवकर पेरा, महिनाभर वाळत ठेवली तर उगवण फार घटते. केशरची काडी वर्षभराने लागेल, ती कोठून आणायची याची चौकशी आतापासून करून ठेवा.